सावलीपासून सहा फूट

तेलंगवाडीत माणसामाणसात अंतर ठेवायची पद्धत कोरोनाच्या बरीच आधीपासून होती. फक्त ती दोनच माणसांपुरती होती. एक अण्णाराव आणि दुसरा त्याचा सख्खा धाकटा भाऊ भागवत. अहमदपूर सोडून नांदेडच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला माळ चढून हे गाव येतं, आणि गावात शिरताच लिंबाचा पार लागतो. पाराच्या उगवतीच्या टोकाला अण्णाराव बसायचा, मावळतीच्या टोकाला भागवत. मधल्या जागेत उरलेलं गाव बसायचं.

कारण वाटणीचं. घर वाटलं, वावर वाटलं, देवणी बैल वाटले, आईचे दागिनेही वाटले. सगळं इतक्या शिस्तीत पार पडलं की पंच म्हणून आलेली माणसं कंटाळून जांभया देऊ लागली. तेवढ्यात न्हाणीतला तांब्याचा बंब राहिल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. बंबाचे दोन भाग होत नाहीत. थोरला म्हणून तो अण्णारावनं ठेवून घेतला, तेव्हा भागवत चार माणसांत बोलून गेला की आजपासून तुझ्या सावलीला उभा राहणार नाही. अण्णाराव म्हणाला, मग माझं तोंडही तुला दिसायचं नाही.

अशी वाक्यं आपल्याकडं प्रत्येक वाटणीत होतात आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत ती विसरून जायची असतात. या दोघांनी ती विसरायच्या ऐवजी पाळायला घेतली. अण्णाराव उंचीनं भरपूर, त्यामुळं सकाळी त्याची सावली पार चंद्रप्पाच्या किराणा दुकानापर्यंत जायची. भागवत तितकं लांबून चालायचा. दुपारी बारा वाजता तो भावाच्या हाताच्या अंतरावरून जाऊ शकायचा आणि दिवस कलला की पुन्हा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. आभाळ आलं की त्याला सुट्टी असायची. अण्णाराव आपल्या बाजूनं, भागवत दिसला रे दिसला की उपरणं नाकावरून ओढून घ्यायचा. वैशाखातल्या उन्हातसुद्धा.

बोलणं अर्थातच बंद. अबोल्याचा नियम असा, की जो आधी बोलेल तो हरला. जिंकणाऱ्याला काही मिळत नाही, पण हरणाऱ्याचं नाव गाव कधी विसरत नाही. तरी शेताला शेत लागून, गोठ्याला गोठा लागून, तेव्हा काही गोष्टी कळवाव्याच लागायच्या. त्या बैलामार्फत जायच्या. भागवत आपल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यानं सांगायचा, "सोन्या, लोकाची शेळी आपल्या तुरीत आली व्हती रे." अण्णाराव पलीकडून आपल्या बैलाला म्हणायचा, "हौश्या, ज्याला तुरीची काळजी हाय त्यानं बांधावरची कुपाटी नीट करावी." बैल दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे आणि मनात ठेवायचे.

अबोला पुरुषांचा होता. बायकांना कामं होती. भागवतची बायको मुलगी लहान असतानाच वारली, तेव्हापासून ऋतुजा चतुराबाईच्या, म्हणजे अण्णारावच्या बायकोच्या मांडीवरच वाढली. वाटणी झाली तरी तिचं मागच्या दारानं येणं-जाणं सुरू राहिलं. ती चतुराबाईला मोठीमाय म्हणायची आणि अण्णारावला बाबा, आणि आपल्या बापाला नुसतं दादा. याला दोन्ही पक्षांची हरकत नव्हती, कारण या विषयावर दोन्ही पक्षांना कुणी विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये देश बंद झाला, आणि तेलंगवाडीनं ते देशापेक्षा जास्त मनावर घेतलं. वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. चार-चार जणांचे पहारे लागले. देगलूरहून एकाचा जावई पायी आला, तर त्याला काट्यांच्या पलीकडं बसवून, चहाची कपबशी काठीनं पुढं सरकवून, दुरूनच वाटे लावलं. सासूनं या बाजूनं डोळ्याला पदर लावला, त्यानं त्या बाजूनं हात जोडले. चंद्रप्पाच्या दुकानापुढं, रेशनपुढं आणि गिरणीपुढं चुन्याचे गोल पडले. माणसं त्या गोलांत अशी उभी राहायची की जणू फोटो काढणार आहेत. पुण्या-मुंबईच्या बातम्या टीव्हीवर यायच्या, तेव्हा सगळ्यांचा जीव खरोखरच मुठीत असायचा, यात थट्टा नाही.

या सगळ्यात अण्णारावची काय अडचण झाली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं तो आणि भागवत लांब उभे राहिले की लोकांना कळायचं, दोघांचं जमत नाही. आता सगळेच लांब उभे. इतकी वर्षं तो तोंडाला उपरणं लावायचा ते एका माणसासाठी. आता गावच तोंड बांधून हिंडू लागलं. त्याच्या रागाला काही ओळखच उरली नाही. एकदा रेशनच्या रांगेत भागवत त्याच्यापासून दोन गोल सोडून उभा होता, तर रेशनवाला कौतुकानं म्हणाला, असं पाहिजे, नियम पाळावा तर असा. अण्णारावला ते फार लागलं. तो सरपंचाकडं गेला.

"शेषेराव," तो म्हणाला, "सरकारचं अंतर येगळं आन माझं येगळं. हे लोकाला कळाया पायजे."

सरपंच शेषेरावांनी गंभीरपणे विचार केला आणि सुचवलं की सरकारचं सहा फूट आहे, तुम्ही सात धरा. अण्णारावनं सात धरलं. दुसऱ्या दिवशी भागवत आठवर गेला.

खरी गोष्ट मात्र अंतराची नव्हती, ऋतुजाच्या लग्नाची होती. फेब्रुवारीत सोयरीक ठरली होती. मुलगा मुदखेडचा, रेल्वेत नोकरीला. लग्न ज्येष्ठात. भागवत विधुर, आणि कन्यादानाला बसायला जोडी लागते. त्यासाठी मामा-मामी यायचे ठरले होते. पण मामा पुण्याला, आणि पुण्याहून त्या दिवसांत माशीसुद्धा विचारल्याशिवाय निघू शकत नव्हती. मामानं फोनवर हात वर केले. आता जवळची म्हणावी अशी एकच जोडी उरली, आणि ती भिंतीपलीकडं राहत होती.

ऋतुजानं बापाला स्पष्ट सांगितलं की मोठीमाय आणि बाबा बसले तर मी बोहल्यावर चढेन, दुसऱ्या कुणाच्या हातून मला जायचं नाही. भागवतनं दोन दिवस ते ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यात गेला.

"सोन्या," तो म्हणाला, "आपल्या ऋतुजाच्या लग्नाला जोडी लागती रे."

पलीकडं हौश्याच्या गळ्यातली घंटा वाजली.

"हौश्या," अण्णाराव म्हणाला, "ज्याला लागती त्यानं तोंडानं मागावी. बैलाच्या तोंडानं लेकीचं लग्न हुत नसतं."

चतुराबाईनं त्या दिवशी नवऱ्याला भाकरी वाढली, पण कालवण वाढलं नाही. अण्णारावनं थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, काय झालं. ती म्हणाली, पोर माझ्या मांडीवर वाढली, अन् तिच्या लग्नात मी कुपाटीवरनं बघू का? अण्णाराव म्हणाला, मी नाही कुठं म्हणतोय, त्यानं फक्त एकदा म्हणावं. ती म्हणाली, तुम्ही म्हणा. तो म्हणाला, मी थोरला आहे. मग कालवण शेवटपर्यंत आलंच नाही.

म्हणजे असं झालं. भागवतला विचारायचं होतं, पण आधी बोलायचं नव्हतं. अण्णारावला हो म्हणायचं होतं, पण विचारल्यावर. मध्ये ज्येष्ठ महिना जवळ येत होता.

तोवर गावाचा उत्साह उतरणीला लागला होता. हे काही एका दिवशी झालं नाही. आधी काट्या दुधाच्या गाडीपुरत्या सरकल्या. मग गुरांपुरत्या. मग शेषेरावांचा मेहुणा कलिंगडं घेऊन आला, तेव्हा त्या जरा जास्त सरकल्या आणि तशाच राहिल्या. पहाऱ्याची चार माणसं एका बाजेवर बसून पत्ते खेळू लागली. पाचवा मागून वाकून पानं बघायचा आणि सगळ्यांना सांगायचा की लांब बसा. घरात मास्क एकच असायचा, दाराजवळच्या खुंटीला, आणि जो बाहेर जाईल तो लावून जायचा. आल्यावर परत खुंटीला. चुन्याच्या गोलांत उन्हं उतरल्यावर कुत्री बसायची, प्रत्येक गोलात एक. नियमाची खरी अंमलबजावणी तेवढीच राहिली होती.

मोबाइलवर फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग बाई सूचना सांगायची. तेवढा वेळ पारावरची माणसं एकमेकांपासून जरा सरकून बसायची. समोरच्यानं फोन उचलला की परत जवळ यायची. सहा फुटांचं अंतर हळूहळू एका काठीवर आलं, काठीवरून एका हातावर, आणि शेवटी तंबाखूची चंची बसल्या जागेवरून देता-घेता येईल तेवढ्यावर येऊन थांबलं. त्याहून कमी करणं शक्य नव्हतं.

तालुक्याहून जीप येते तेवढाच काय तो ताप. त्यासाठी पाण्याच्या टाकीवर एक माणूस बसवला होता. तो वरून "जीप" म्हणून ओरडला, की पारावरचं गाव विस्कटून गोलांत जाऊन उभं राहायचं. कुत्र्यांनाही सवय झाली होती. ती आपणहून उठायची. जीप गेली की पुन्हा सगळे पारावर. या धावपळीत ज्यांना जागचं हलावंही लागायचं नाही अशी दोनच माणसं होती. अण्णाराव या टोकाला, उपरणं नाकावर. भागवत त्या टोकाला, सावलीच्या बाहेर.

सृष्टी मॅडम जीपनं आल्या नाहीत, स्कूटीवर आल्या. नायब तहसीलदार म्हणून पहिलीच नेमणूक, वय लहान, पगार लागून फार दिवस झाले नव्हते, म्हणून कामाची आवड शाबूत होती. टाकीवरच्या माणसानं स्कूटी पाहिली, पण त्याला जीपचंच काम दिलेलं होतं. मॅडम पारापुढं येऊन उभ्या राहिल्या तेव्हा सगळं गाव एका चादरीवर दाटीवाटीनं बसून कुणाचा तरी एक्का बघत होतं.

त्यांनी गाडी स्टँडला लावली, मास्क नीट केला आणि सरपंच कोण म्हणून विचारलं. शेषेराव चादरीच्या मधोमध होते, त्यामुळं त्यांना निघायलाच वेळ लागला. मॅडमनी फार न रागावता सांगितलं की गावाला नोटीस निघेल, आणि लग्नाचे अर्जही परत जातील. या गावातून एका लग्नाचा अर्ज माझ्या टेबलावर आहे ना?

पाराच्या मावळतीच्या टोकाला भागवतचं तोंड उतरलं. पण ते मास्कच्या आत उतरल्यामुळं कुणाला दिसलं नाही.

शेषेराव तीन निवडणुका जिंकलेले. त्यांनी खोटं न बोलता काय सांगता येईल याचा क्षणभर विचार केला.

"मॅडम, सगळं गाव तसं न्हाई," ते म्हणाले. "ह्ये बघा, त्या टोकाला अण्णाराव आन त्या टोकाला भागवत. सख्खे भाऊ हायत. पण अंतर मोडत न्हाईत. घरात दुःख असो का सण असो, एकमेकाच्या हातचं पाणी बी पीत न्हाईत."

मॅडमनी पाहिलं. खरंच, एवढ्या गर्दीत दोनच माणसं लांब, दोघांचीही तोंडं झाकलेली. त्यांनी विचारलं, हे कधीपासून पाळतायत?

"रोग यायच्या आधीपासनं," शेषेराव म्हणाले.

मॅडम इतक्या भारावल्या की नोटिशीचं विसरल्या. त्यांनी तिथंच ठरवलं की या दोन भावांचा एक छोटा व्हिडिओ करायचा आणि सगळ्या तालुक्याला पाठवायचा. लोकांना आदर्श हवा असतो. शनिवारी दिवस कलता शाळेच्या अंगणात. लग्नाची परवानगीही त्या तिथंच हातात देतील. मग त्यांनी वहीचं पान फाडून दोन वाक्यं लिहिली. धाकट्यानं म्हणायचं, "राम राम दादा, या, बसू." थोरल्यानं म्हणायचं, "बसू, पण अंतर ठेवून." एवढंच. सोपं आहे.

मॅडम गेल्यावर गावात जी चर्चा झाली तिच्यापुढं कोरोना मागं पडला. प्रश्न असा होता, की सरकारनं लिहून दिलेलं वाक्य भागवत बोलला, तर तो आधी बोलला असं धरायचं की नाही? भागवतच्या बाजूचे म्हणाले, नाही, कारण शब्द मॅडमचे आहेत. अण्णारावच्या बाजूचे म्हणाले, शब्द कुणाचेही असोत, तोंड त्याचंच आहे. चंद्रप्पानं निवडणुकीतल्या शपथेचं उदाहरण दिलं, तीही लिहून दिलेलीच असते. पण ती पुढं कुणी पाळत नाही, म्हणून ते उदाहरण धरलं नाही. शेवटी चार जाणत्या म्हाताऱ्यांनी निकाल दिला, की बोललं म्हणजे बोललं.

अण्णाराव खूश होता. "हौश्या," तो गोठ्यात म्हणाला, "आता सरकारच बोलतं करायलंय एकेकाला." भागवत सोन्याशी त्या आठवड्यात एक शब्द बोलला नाही. बोलला नाही तर परवानगी जाते, बोलला तर हरतो, आणि हरूनसुद्धा जोडीचं मागायचं शिल्लकच राहतं. ऋतुजानं त्याला विचारलं, दादा, तुम्हाला काय जास्त प्यारं आहे? त्यानं उठून सोन्यापुढं कडबा टाकला. ज्या माणसाला उत्तर ठाऊक असतं तो असाच कामाला लागतो.

शनिवारी दोन माणसं अंतर कसं पाळतात हे बघायला सगळं गाव शाळेच्या अंगणात लोटलं. भिंतीवर जागा उरली नाही तेव्हा लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. मॅडमनी तलाठ्याकडून सहा फुटांवर दोन गोल आखून घेतले. मोबाइल तलाठ्याच्याच हातात. अण्णाराव ठेवणीतलं धोतर नेसून, उपरणं बांधून आपल्या गोलात उभा राहिला. त्याची सावली सरळ भागवतच्या गोलावरून पलीकडं, शाळेच्या घंटेपर्यंत गेली.

भागवत घंटेच्याही पलीकडं उभा होता.

"काका, पुढं या, गोलात," मॅडम म्हणाल्या. "इतकं लांब नको. सरकारनं सहाच फूट सांगितलंय."

भागवत हलेना. मॅडमना कळेना. शेषेराव पुढं होऊन म्हणाले की गोल जरा फिरवावे लागतील, काकांच्या डोळ्यावर तिरीप येते. गोल फिरवले. आता सावली रिकाम्या अंगणात पडली आणि भागवतला गोलात येऊन उभं राहावंच लागलं.

दिवस कलल्यावर, वर आभाळ नसताना, दोघं समोरासमोर इतक्या जवळ वाटणीनंतर पहिल्यांदाच उभे राहिले होते. अबोल्याला लागायचं त्याच्या कितीतरी कमी अंतर सरकारला पुरत होतं. भागवतला दिसलं की दादाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णारावला दिसलं की भागवतच्या सदऱ्याची कॉलर उसवून परत शिवलीय, आणि तो टाका कुणाचा आहे हे तो अंधारातसुद्धा ओळखू शकला असता, कारण त्याच्या स्वतःच्या कॉलरला तोच होता. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. चतुराबाई ऋतुजाला घेऊन गोलांच्या अगदी जवळ, दोघांच्या मधोमध उभी होती. तिनं पदर नाकावर घेतला होता, नियमाप्रमाणं.

"हं, बोला," मॅडम म्हणाल्या.

कुणी बोलेना. भिंतीवरचं गाव श्वास धरून बसलं. मॅडमनी भागवतकडं बघून मान हलवली. भागवतच्या मास्कचं कापड आत-बाहेर झालं, पण आवाज आला नाही. अण्णाराव वाट बघत होता. कितीतरी वेळ तलाठी हात अवघडून तसाच उभा राहिला.

आणि मग कुठूनतरी, कापडाच्या आतून, घोगरं असं आलं, "लग्नाचं काय?"

त्यावर दोघं भाऊ एकदम म्हणाले, "काय म्हंजे काय?"

झालं. धरण फुटायला तेवढं पुरलं.

"मामा पुण्यात अडकलाय, ठावं न्हाई का तुला?" भागवत म्हणाला.

"ठावं हाय. बैलानं सांगितलं."

"मग?"

"मग काय मग. मी कवा न्हाई म्हणलो?"

"हाव तरी कवा म्हणलास?"

"तू इचारलंस कवा?"

"आता इचारून राहिलो न्हवं का? का सातबाऱ्यावर लिहून देऊ?"

"असं इचारत्येत व्हय थोरल्याला, भांडल्यावानी?"

"भांडतोय कोण? बंब तू ठिवलास, अन् भांडतो मी?"

"घिऊन जा तुझा बंब. बुडाला भोक पडलंय कवाच."

भागवत थांबला. "भोक पडलं?"

"पडलं. चुलीवर पातेल्यात पाणी तापवितो मी. तुला सांगणार कसं, बोलत व्हतास का?"

मॅडम "अंतर, काका, अंतर" म्हणत होत्या. पण एव्हाना दोघांचीही पावलं चुन्याच्या बाहेर आली होती, अण्णारावचं उपरणं सुटून गळ्यात पडलं होतं, आणि भागवत त्याच्या डोळ्याकडं बोट दाखवून विचारत होता की हे लातूरला नेऊन कुणाला दाखवलंस का नाही. तोवर दिवस शाळेमागं गेला. सावलीच उरली नाही, त्यामुळं आपण कुठं उभे आहोत हे भागवतच्या लक्षात आलं नाही. चतुराबाईनं दोघांच्या मध्ये येऊन एवढंच सांगितलं की लग्न सोमवारी आहे, चुलत्यानं आणि बापानं धोतरं आजच भिजत घालावीत.

मॅडमना काय समजलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी परवानगीचा कागद ऋतुजाच्या हातात दिला आणि स्कूटी सुरू करता करता शेषेरावांकडं जरा वेळ बघितलं. शेषेराव आभाळाकडं बघत होते. व्हिडिओचा पुढचा सगळा भाग कापावा लागला. सुरुवातीचा तेवढा ठेवला, त्यात दोन माणसं तोंड झाकून, सहा फुटांवर, एकमेकांकडं बघत नुसती उभी आहेत आणि एक शब्दही बोलत नाहीत. खाली लिहिलं, घरी राहा. तालुक्यात तो फार गाजला. उमरीच्या एका शाळेनं तो ऑनलाइन वर्गात दाखवल्याचंही कानावर आलं.

लग्न पन्नास माणसांत झालं. मुदखेडची मंडळी पास काढून, गाडीत एक सीट सोडून एक बसून आली, आणि वेशीजवळ उतरताच एकमेकांच्या गळ्यात पडली. शेषेरावांनी दारातच सांगून ठेवलं होतं की कायदा कडक आहे, मांडवात एका वेळी पन्नासच्या वर माणूस दिसता कामा नये. म्हणून पन्नास बसली, जेवली, उठली, की पुढची पन्नास. दुपारपर्यंत पन्नास माणसांत सगळं गाव जेवलं आणि शेजारच्या दोन वाड्याही. अण्णाराव आणि चतुराबाई कन्यादानाला बसली तेव्हा भागवत त्यांच्या मागं उभा होता. ऋतुजाचा हात देताना अण्णारावनं सवयीनं उपरणं नाकावर ओढलं. भटजींना वाटलं नियम पाळतायत. पण ते बराच वेळ खाली आलं नाही, आणि वरच्यावर त्याच्या टोकानं डोळेही पुसले गेले. मोतीबिंदूमुळं पाणी येतं, असं तो मागून सांगत होता.

आता तुम्हाला वाटेल प्रकरण मिटलं. ते मिटलं नाही, उलट जोरात सुरू झालं. आधी कोण बोललं, हा प्रश्न सुटायचाच होता. अण्णाराव म्हणतो भागवत बोलला. भागवत म्हणतो दादा बोलला. दोघंही तुळशीवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार आहेत, आणि दोघंही खोटं बोलणाऱ्यांपैकी नाहीत, ही मोठीच पंचाईत आहे. गावानं एकदा चतुराबाईला विचारावं असं चंद्रप्पानं सुचवलं होतं. तिचा आवाज वावरात पाखरं हाकून हाकून चांगला जाडा झालेला आहे, आणि ती त्या वेळी दोघांच्या मधोमध उभी होती, म्हणजे तिला नीट ऐकू आलं असणार. पण बाईमाणसाला अबोल्यातलं काय कळतं म्हणून तो विषय तिथंच राहिला. तीही विचारल्याशिवाय बोलत नाही.

तलाठ्याकडून भागवतनं न कापलेला व्हिडिओ मागून घेतलाय. रोज दिवस कलला की दोघं भाऊ पाराच्या एकाच टोकाला बसतात आणि तेवढा एक तुकडा पुन्हा पुन्हा लावतात. उरलेल्या जागेत गाव बसतं, चंची फिरते, मास्क खुंटीला असतात. शेषेराव मात्र काळजीत आहेत. मॅडम कुठल्याही दिवशी आदर्श बघायला येतील आणि गावात अंतर ठेवणारं आता कुणीच उरलेलं नाही. दोन घरांत वाटणीची बोलणी चालली आहेत असं त्यांना कळलंय. ते तिकडं जरा जाऊन येणार आहेत, मध्यस्थीला.

"ह्ये बघ, ह्यो तुझाच आवाज," अण्णाराव म्हणतो. "लहानपणी असाच रेकायचास."

"कान दाखव आधी कुणाला तरी," भागवत म्हणतो. "डोळा गेला, आता कान."

"परत लाव."

भागवत परत लावतो. मोबाइल जुना आहे, आवाज बारीक येतो. दोघांची डोकी एकमेकांना टेकतात.

"मला यीना गा ऐकू," अण्णाराव म्हणतो. "जरा सरक इकडं."

भागवत सरकतो.